अठरा तासांचं कौतुक, आठ तासांचा विसर

गेल्या जयंतीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम झाला. पहाटे पाचला सुरुवात, रात्री अकराला समारोप. चाळीसेक मुलंमुली पुस्तकं घेऊन बसली होती. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली एवढी लेकरं बसवायची म्हणजे कोणाला तरी चक्कर येणारच, म्हणून मी ओआरएसची पाकिटं आणि बीपीचं मशीन घेऊन दिवसभर तिथंच होते.

बारावीतली एक मुलगी सकाळी नऊला उठून गेली. आई कामावर जाते, धाकट्याला शाळेत सोडायचं होतं. दहाला परत आली. बाराला पुन्हा गेली, कारण संध्याकाळच्या भोजनदानाची भाजी निवडायला बायका कमी पडत होत्या आणि कोणीतरी म्हणालं, पोरींना बोलवा. चारला परत येऊन बसली. सहाला पुन्हा बोलावणं आलं. तिचा भाऊ मात्र पहाटेपासून हलला नाही. त्याचा चहा, जेवण सगळं जागेवर आलं. रात्री अकराला त्याला प्रमाणपत्र मिळालं, टाळ्या झाल्या. तिचे अठरा तास भरले नाहीत म्हणून तिचं नाव पुकारलं गेलं नाही.

ती रडली वगैरे नाही. उष्टी ताटं गोळा करायला लागली. मी हे बघितलं आणि तिथं काही बोलले नाही. आयोजक सगळे आपलेच, पोटतिडकीने काम करणारे. पण तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, आणि आरोग्याच्या पानावर तो का लिहायचा हे पुढे वाचलंत की कळेल.

आपल्या घराघरात एक वाक्य ठरलेलं आहे. पोर जरा आडवी झाली की कोणीतरी म्हणतं, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. खरं आहे. बाबासाहेबांइतकं वाचलेला, लिहिलेला माणूस आपण पाहिलेला नाही. पण त्याच बाबासाहेबांनी, व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांतल्या कामगारांचे आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. म्हणजे सहा दिवस, रोज आठ तास. त्याच्याही आधी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे मंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या बिलाच्या बाजूने ते बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः रात्र रात्र जागणाऱ्या माणसाने कामगाराला जागवा असं म्हटलं नाही. त्याच्या शरीराला किती झेपतं याचा विचार केला आणि तो कायद्यात उतरवला. आपण अठरा तासांचे फलक लावतो, आठ तासांचा एकही लावत नाही.

आणि त्या अठरा तासांची किंमत बाबासाहेबांच्या शरीराने मोजली, हेही बोललं पाहिजे. मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या, झोप नव्हती. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता, कारण हजारो वर्षांचं काम एका आयुष्यात उरकायचं होतं. ते काम त्यांनी आपल्यासाठी केलं. आपल्या मुलींनी तसंच झिजावं म्हणून केलं, असं मला वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांसाठी ‘वेळेचं नियोजन’ या विषयावर एका बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की पहाटे पाचला उठा, दिवसाच्या कामांची यादी करा, स्वतःसाठी एक तास काढा. मागे बसलेल्या एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘पाचला उठलं तर पाणी गेलेलं असतं बाई.’’ आमच्या गल्लीत नळ पहाटे साडेचारला येतो आणि साडेपाचला जातो. सगळ्या बायका हसल्या. त्या बाईही हसल्या, पण त्यांच्या यादीत नळ बसेना.

वस्तीतल्या बाईच्या घड्याळाचे काटे दुसऱ्यांच्या हातात असतात. नळाची वेळ पालिका ठरवते. सार्वजनिक संडासाची रांग गर्दी ठरवते. धुण्याभांड्याची घरं असतील तर पहिल्या घरी किती वाजता जायचं हे तिथल्या मॅडम ठरवतात, आणि त्यांचे पाहुणे आले की दुसऱ्या घरी उशीर, तिथली बोलणी वेगळी. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, म्हणून उद्या या. केवायसीला सर्व्हर बंद, म्हणून परवा या. दवाखान्यात केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते, म्हणजे त्या दिवसाचा खाडा. या सगळ्यातून उरलेला वेळ तिचा. तो असतो रात्री साडेदहानंतर, तोही नवऱ्याचं जेवण आटोपलं असेल तर.

सरकारनेच २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात रोजचे २८९ मिनिटं निघाले, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. घरकाम करणाऱ्या पुरुषाचे ८८ मिनिटं. आणि लक्षात घ्या, हे जे पुरुष काहीतरी करतात त्यांचं आहे. जे ग्लाससुद्धा उचलत नाहीत ते या सरासरीत नाहीतच. बाईचे हे पावणेपाच तास बाहेरच्या नोकरीशिवायचे आहेत. आता त्यात चार घरची धुणीभांडी मिळवा आणि ४८ तासांचा कायदा किती दिवसांत संपतो ते बघा. आमच्या गल्लीत तो गुरुवारी संपतो.

मी अकरा वर्षं वॉर्डात नोकरी केली. जीएनएमचा डिप्लोमा केला तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट शिकले ती इंजेक्शनची नव्हती, ‘ओव्हर’ची होती. ड्युटी संपली की पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायची. कोणत्या पेशंटची सलाईन किती राहिली, कोणाला ताप आहे, कोणाचं ऑपरेशन उद्या आहे, हे सगळं बेडजवळ उभं राहून सांगायचं, रजिस्टरवर सही करायची आणि निघायचं. चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर अशा रात्री मी काढल्या आहेत. त्या निभल्या, कारण सकाळी आठला कोणीतरी ओव्हर घ्यायला येणार हे माहीत होतं. घरात ओव्हर घ्यायला कोणी येत नाही. सकाळची, दुपारची, रात्रीची, तिन्ही ड्युट्या एकाच बाईच्या. एवढं साधं गणित आहे, आणि आपण मात्र तिला यादी करायला सांगतो.

आता आरोग्याचं सांगते.

आमच्या विहाराच्या महिला मंडळात एक ताई आहेत. नाव लिहीत नाही, पण त्यांची परवानगी घेतली आहे. पन्नाशीच्या आत, आठ वर्षांपासून साखर. विहारात कोणताही कार्यक्रम असो, खिरीचं पातेलं त्यांच्याशिवाय चुलीवर चढत नाही. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये चपलेचा अंगठा घासून पायाला फोड आला. दुखत नव्हता. साखरेच्या पेशंटला पायाची संवेदना कमी होते, त्यामुळे जखम असूनही कळ येत नाही, आणि हाच सगळ्यात मोठा धोका असतो. मी म्हटलं, ‘‘ताई, दाखवून या.’’ त्या म्हणाल्या, ‘‘वेळ नाही गं. जयंती होऊ दे.’’ आठ दिवसांनी मी परत म्हटलं. त्या म्हणाल्या, रविवारी बघू. रविवारी बैठक होती. त्या बैठकीला मीही होते. फळ्यावर स्वयंपाकाची जबाबदारी म्हणून त्यांचं नाव लिहिताना मी त्यांच्या पायाकडे बघितलं नाही. मी, नर्स.

जयंती झाली. मिरवणूक छान झाली. एप्रिलच्या शेवटी त्यांना ताप भरला आणि दवाखान्यात नेलं तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. पाय वाचला हे नशीब नाही, तिथल्या सर्जनचं कसब. दोन महिने ताई घरी होत्या. त्यांची तीन घरची कामं गेली, त्यातली दोन परत मिळाली नाहीत. फोड आला त्या दिवशी ड्रेसिंगला अर्धा तास लागला असता.

आणखी एक माझं स्वतःचं. मी वस्त्यांमधून रक्तक्षयावर बोलते, पाच-सहा वर्षं झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चौपन्न बायकांना रक्तक्षय निघाला, हा आकडा मी प्रत्येक ठिकाणी सांगते. मागच्या वर्षी एका शिबिरात मुली सुईला घाबरत होत्या म्हणून दाखवायला आधी माझं बोट पुढे केलं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. बाईचं किमान १२ पाहिजे. तपासणारा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याआधी वर्षभर मी स्वतःला शिव्या देत होते की हल्ली कामं उरकत नाहीत, बैठकीत डोळे मिटतात, कोणाला काय कबूल केलं ते आठवत नाही, मुलावर विनाकारण ओरडते. मला वाटलं माझं नियोजन बिघडलंय. डायरी आणली, रंगीत पेनं आणली. बिघडलं होतं रक्त.

म्हणून सांगते, घरातली बाई किंवा मुलगी कामात मागे पडायला लागली, चिडायला लागली, जिना चढताना धापा टाकायला लागली, तर तिला आळशी म्हणायच्या आधी तिचं हिमोग्लोबिन करा. थायरॉईड करा. चाळिशी झाली असेल तर साखर आणि बीपी बघा. पालिकेच्या दवाखान्यात या बहुतेक तपासण्या होतात. मुंबईत काही ठिकाणचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात, तेव्हा खाडा न करता जाता येतं, आधी वेळ विचारून घ्या. पाळीत सात दिवसांपेक्षा जास्त किंवा गाठींसकट रक्त जात असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कारण शोधावं लागतं.

लोहाच्या गोळीची एक गोष्ट जाता जाता. आपल्याकडे बायका गोळी चहाबरोबर घेतात, कारण सकाळी बसायला तेवढाच वेळ. चहामुळे गोळीतलं लोह अंगाला नीट लागत नाही. सहा महिने गोळी खाऊन हिमोग्लोबिन जागेवर, असं झालं की बायका म्हणतात सरकारी गोळी बोगस आहे. गोळी बोगस नाही. चहा आणि गोळी यांत निदान तास-दोन तासाचं अंतर ठेवा, गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरू नका. थायरॉईडची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका. त्यांत चार तासांचं अंतर लागतं. बीपीची, साखरेची, टीबीची गोळी घेण्यासाठी वेगळी आठवण ठेवायची गरज नाही, ज्या गोष्टी रोज ठरलेल्या वेळी होतातच त्यांना ती बांधून टाका. आमच्याकडे एका आजींनी बीपीची गोळी सकाळच्या वंदनेला जोडली आहे. बुद्धांच्या मूर्तीशेजारी डबी असते. त्रिशरण, पंचशील, गोळी. कोणी हसलं तर हसू दे, तीन वर्षांत त्यांची एक गोळी चुकलेली नाही.

आणि लघवी. हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही. संडासाची रांग नको, कामाच्या घरी बाथरूम वापरू देत नाहीत, म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि आलेली लघवी धरून ठेवतात. वारंवार जळजळ, ताप, कंबरदुखी, यातली किती प्रकरणं तिथून सुरू होतात ते मी वॉर्डात पाहिलंय. वेळ वाचवल्यासारखा वाटतो, तो नंतर व्याजासकट दवाखान्याच्या बाकावर जातो. ज्या घरी काम करता तिथं बाथरूम मागा. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्यं सांगितली आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारात काळजी घ्यावी, वेळेवर रजा द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे आहे. फ्लॅटमधल्या मॅडमना ते अजून कळायचं आहे.

आता मोबाईल. मोबाईलवर बोललं नाही तर वाचक म्हणतील ताईंनी मुख्य चोर सोडून दिला. पुरुषांच्या आणि पोरांच्या बाबतीत तो चोर आहेच, चार रील म्हणून उघडतात आणि दीड तास जातो. पण बायकांच्या बाबतीत मला घाईने निकाल द्यायचा नाही. रात्री अकराला आडवी झाल्यावर बाई मोबाईल बघते, कारण अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ तिला कोणी हाक मारत नाही. तो तिचा एकमेव निवांतपणा आहे. फक्त तो झोपेतून कापला जातो. साडेबारापर्यंत बघितलं आणि नळाला साडेचारला उठलं तर झोप चार तास. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. रोज चार-पाच तासांवर काढलं तर बीपी वाढतं, साखर वाढते, भूक वाढते, माणूस चिडचिडा होतो. मी स्वतः फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायचं ठरवलं आहे. आठवड्यातून चार दिवस जमतं. आणि जय भीमच्या सुप्रभात संदेशांबद्दल एक विनंती, सतरा ग्रुपवर एकच फोटो टाकून बाबासाहेबांचं काम पुढे जात नाही. एका ग्रुपवर टाका.

यानंतरचं लिहिताना माझा हात थोडा जड होतो, कारण ते आपल्याच लोकांबद्दल आहे. बाईच्या वेळेवर फक्त नळ आणि मॅडम डल्ला मारत नाहीत, चळवळही मारते. बैठक सातची म्हणून सांगतात. बायका भाकरी टाकून, लेकरं आवरून सातला येऊन बसतात. पुढारी मंडळी साडेआठला येतात. हारतुरे, प्रास्ताविक, आणि मुद्द्याची चर्चा दहाला. दहाला बायका उठून जातात, कारण पहाटेचं पाणी आहे. मग निर्णय कोण घेतं? जे बसलेले असतात ते. आणि दुसऱ्या दिवशी कळतं की स्वयंपाक महिला मंडळाकडे दिलाय. बैठकीतला उशीर म्हणजे नुसती गैरशिस्त नाही, त्याने बायकांचं मत कापलं जातं.

कोणी लगेच माता रमाईचं उदाहरण देतं. रमाईंनी किती सोसलं, आपण एवढंही करू नये का? माझ्या मनात रमाईंबद्दल जे आहे ते शब्दांत येणार नाही. बाबासाहेब लंडनला शिकत असताना त्यांनी घर कसं ओढलं, चार लेकरं कशी गमावली, हे आठवलं की मी आजही गप्प होते. पण रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या तेव्हा त्यांचं वय ३७ होतं, आणि त्याआधी त्या दीर्घ काळ आजारी होत्या. सदतीस. आपल्या वस्तीत सदतीस वर्षांची बाई बचत गटाची अध्यक्ष असते, तिची मुलगी कॉलेजात असते. त्यांच्या त्यागाची गाणी आपण गातो आणि आजारपणाचं कडवं गाळतो. मला तरी वाटतं की रमाईंना खरा मान द्यायचा असेल तर आपल्या घरातल्या सदतीस वर्षांच्या बाईला डॉक्टरकडे घेऊन जावं.

धम्म यात काय सांगतो? आळसाला तथागतांनी क्षमा केलेली नाही. सिगालोवादातच आळशी माणसाचं वर्णन आहे, थंडी आहे म्हणून काम नको, ऊन आहे म्हणून नको, उशीर झाला म्हणून नको. अप्रमाद हा तर धम्माचा कणा. पण सोण भिक्खूची गोष्टही धम्मातलीच आहे. हा सोण इतका खटाटोप करी की चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी मनाला शांती नाही. तो पूर्वी वीणा वाजवायचा. तथागतांनी त्याला विचारलं, तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल सोडली तर? आपल्या उपदेशात सैल तारेवर फार बोलतात. ताणलेल्या तारेचं कोणी बोलत नाही. आमच्या ताईंच्या पायाची बातमी कळली तेव्हा मला सोणच आठवला.

आणि बाबासाहेबांच्या अभ्यासाची गोष्ट सांगायचीच असेल तर पूर्ण सांगा. परळच्या चाळीतली एक खोली, घरात माणसं भरपूर. भीमराव लवकर झोपत, रामजी बाबा रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. भीमरावांच्या अभ्यासामागे बापाचं हे जागरण होतं, जागा देणं होतं. रामजींनी ओव्हर घेतली म्हणून भीमराव वाचू शकले. आपल्या खोलीत अभ्यासाला मुलीची पाळी कधी येते, आणि तिच्यासाठी कोण जागतं?

आमच्या गल्लीत वर्षावास सुरू झाल्यापासून काही गोष्टी करून बघतोय. सगळ्या जमल्या नाहीत. भिक्खूंना पावसाळ्यात तीन महिने एका ठिकाणी थांबायला सांगितलं आहे. म्हटलं, बाईला दिवसातून एक तास थांबता आलं तर बघू. रोज रात्री विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन होतं. ते साडेआठला सुरू होऊन सव्वानऊला संपतं, कोणी आलं नसलं तरी सुरू होतं. पहिले चार दिवस फक्त बायका आणि दोन आजोबा होते. पाचव्या दिवसापासून बाकीचे वेळेवर यायला लागले. हे जमलं. खीरदानाच्या स्वयंपाकाची पाळी गल्लीप्रमाणे लावली, घरातल्या पुरुषासकट. हे अर्धंच जमलं, तीन गल्ल्यांत पुरुष आले, दोन गल्ल्यांत पैसे देऊन आचारी लावला. चालेल. पहाटेचं पाणी मुलग्यांनी भरायचं हे पाच-सात घरांत सुरू आहे, बाकीच्या घरांत आयाच म्हणतात, त्याची झोपमोड होते. या वाक्यापुढे मी हात टेकले आहेत.

संध्याकाळी सात ते आठ हा तास घरातली बाई सोडून दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा, असं मी सुचवलं होतं. वॉर्डासारखी ओव्हर द्यायची, डाळ शिजली आहे, धाकट्याला औषध आठला, दूध आणायचंय, एवढं सांगून बाहेर पडायचं. फिरायला जा, विहारात बसा, झोपा, काहीही करा. सुरुवातीला बायकांनाच जमेना. दारात उभ्या राहून आतल्या भांड्यांचे आवाज ऐकत बसायच्या. एका घरात नवऱ्याने डाळ करपवली, त्यावरून आठवडाभर थट्टा चालली, पण तो अजूनही करतोय.

बोटं गेलेल्या ताई आता रोज रात्री पाय धुऊन, पुसून, बोटांच्या मधे बघून झोपतात. तळवा दिसत नाही म्हणून नात आरसा धरते. खिरीचं पातेलं त्यांनी सोडलेलं नाही, खुर्चीवर बसून त्या हुकूम सोडतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी त्यांच्याबरोबर मीच करून आणते, नाहीतर पुन्हा रविवार यायचा.

त्या बारावीच्या मुलीला ६१ टक्के मिळाले. तिला नर्सिंगला जायचं आहे, प्रवेशासाठी धावपळ चालू आहे. विहाराची एक किल्ली तिच्याकडे दिली आहे, दुपारी दोन ते पाच तिथं पंखा असतो आणि हाक मारायला कोणी नसतं. अठरा तास वाचनाच्या नियमाचं अजून ठरलेलं नाही. मी समितीला लिहून दिलंय की पुढच्या वर्षी मुलींना मधे कामाला उठवायचं नाही, आणि भाजी निवडायला ज्यांना प्रमाणपत्र हवं आहे त्यांच्या भावांना बसवावं. रविवारी संध्याकाळी पाचला बैठक आहे. पाचला म्हणजे पाचला. बीपीचं मशीन घेऊन मी साडेचारलाच येऊन बसणार आहे, ज्यांना तपासायचं आहे त्यांनी आधी या.

जय भीम.